बड फॉस्टर: कॉलेज फुटबॉलमधला कायमचा असिस्टंट कोच

२२ नोव्हेंबर २०१४. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक आणि वेक फॉरेस्ट या दोन विद्यापीठांचा फुटबॉल सामना. साठ मिनिटांचा खेळ संपला तेव्हा फलकावर ०–० होतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये तीस-चाळीस गुण सहज होतात, त्यामुळे असा फलक क्वचितच दिसतो. जादा वेळेच्या दुसऱ्या फेरीत व्हर्जिनिया टेक ३–६ असं हरलं. टेकच्या बचावाचे प्रमुख बड फॉस्टर यांनी पूर्ण वेळात समोरच्या संघाला एक गुणही करू दिला नव्हता. आपल्याच संघाच्या चढाईलाही गुण करता आले नाहीत, आणि त्यावर फॉस्टर यांचा काही इलाज नव्हता.

असिस्टंट कोचच्या कारकिर्दीची अडचण इथेच आहे. अमेरिकेत खेळाचे आकडे फार निगुतीनं जपतात. फ्रँक बीमर या हेड कोचच्या नावावर व्हर्जिनिया टेकमध्ये २३८ विजय, १२१ पराभव आणि २ बरोबऱ्या लागल्या आहेत. त्या प्रत्येक सामन्यात फॉस्टर मैदानावर होते, पण त्यांच्या नावापुढे असा एकही आकडा नाही. जय-पराजय हेड कोचच्या खात्यावर जातात. बाकीच्यांनी आयुष्य कसं काढलं हे कळायला खेळ आणि त्यातली कामाची वाटणी समजून घ्यावी लागते.

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की गोवा, कोल्हापूर आणि पायानं खेळायचा खेळ डोळ्यांपुढे येतो. हा अंडाकृती चेंडूचा खेळ वेगळा. शंभर यार्डांचं मैदान, प्रत्येक बाजूला अकरा जण. चेंडू हातात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडे. प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्टीत चेंडू नेला की टचडाउन, सहा गुण. चढाई करणारे अकरा आणि बचाव करणारे अकरा हे सहसा वेगवेगळे खेळाडू असतात. चेंडू हातातून गेला की एक अकरा बाहेर येतात, दुसरे अकरा आत जातात. दोघांचे कोच वेगळे, सराव वेगळा आणि बैठकीच्या खोल्याही वेगळ्या.

एक प्रयत्न फार तर पाच-सहा सेकंद चालतो. मग सगळं थांबतं, आणि त्या थांबण्यातच कोचचं काम असतं. क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना बोलिंग कोच पॅव्हेलियनमध्ये असतो. निर्णय बोलरचा आणि कॅप्टनचा. इथे मात्र बचावाचा प्रमुख, म्हणजे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, प्रत्येक प्रयत्नाआधी खाणाखुणांनी सांगतो की या वेळी कोणी कुठे उभं राहायचं, कोणी आत घुसायचं आणि कोणी मागे थांबायचं. हे एका सामन्यात साठ-सत्तर वेळा होतं. समोरच्यानं लांब पास टाकून टचडाउन केला तर चूक बहुधा एखाद्या वीस वर्षांच्या मुलाची असते, पण ती मांडणी निवडणारा माणूस मैदानाच्या कडेला उभा असतो आणि कॅमेरा त्याच्यावरच जातो.

कॉलेजची टीम म्हणून याला हलकं समजू नका. व्हर्जिनिया टेक ब्लॅक्सबर्गला आहे. व्हर्जिनिया राज्याच्या नैर्ऋत्येला, डोंगरांतलं हे छोटं गाव. आपल्याकडचीही पुष्कळ मुलं तिथे एम.एस. करायला जातात. तिथल्या लेन स्टेडियममध्ये सुमारे ६५ हजार माणसं बसतात, गावात राहतात त्याहून जास्त. सामना शनिवारी असतो, आणि त्या दिवशी गावात दुसरं काही घडत नाही.

या सगळ्याच्या डोक्यावर हेड कोच. त्याच्या हाताखाली चढाईचा एक प्रमुख आणि बचावाचा एक प्रमुख. त्यांच्या खाली एकेका जागेचे कोच: कोणी फक्त लाइनबॅकर, म्हणजे पुढच्या फळीमागचे बचावपटू, शिकवतो, कोणी फक्त रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, कोणी फक्त पुढच्या फळीतले धिप्पाड गडी. कॉलेज खेळाची नियामक संस्था एनसीएए पूर्णवेळ असिस्टंटांची संख्या ठरवून द्यायची. अनेक वर्षं नऊ होती, जानेवारी २०१८ पासून दहावा ठेवायला परवानगी मिळाली. या उतरंडीच्या अगदी तळाला ग्रॅज्युएट असिस्टंट. तो विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेतो, फीची सवलत आणि थोडंसं विद्यावेतन मिळवतो, आणि त्या बदल्यात बाकी कोणाला नको असलेलं काम करतो. फिल्मचे तुकडे कापायचे, समोरच्या संघाच्या सवयींचे तक्ते भरायचे, सरावात दुय्यम खेळाडूंना प्रतिस्पर्ध्यासारखं खेळायला शिकवायचं.

फॉस्टर यांची सुरुवात इथूनच झाली. जन्म १९५९ चा, केंटकीतल्या सॉमरसेटचा, आणि वाढले इलिनॉयमधल्या नोकोमिस या लहान गावात. केंटकीतल्या मरे स्टेट विद्यापीठात ते बचावात खेळले. त्या संघाच्या बचावाचे प्रमुख तेव्हा फ्रँक बीमर होते. १९८१ मध्ये बीमर तिथले हेड कोच झाले, आणि नुकताच खेळ संपवलेला फॉस्टर त्यांच्याकडे ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून लागला. १९८७ मध्ये बीमर आपल्या जुन्या कॉलेजात, व्हर्जिनिया टेकमध्ये, हेड कोच म्हणून गेले आणि फॉस्टरला सोबत घेऊन गेले. तिथे फॉस्टर २०१९ च्या शेवटापर्यंत राहिले. तेहेतीस हंगाम.

या धंद्यात हा आकडा किती विलक्षण आहे ते सांगायला हवं. असिस्टंट कोचची नोकरी हेड कोचच्या नोकरीला बांधलेली असते. हेड कोचला काढलं की नवा माणूस आपली माणसं घेऊन येतो आणि जुन्या असिस्टंटांना गाशा गुंडाळावा लागतो. मग त्यांचं काम चांगलं होतं की वाईट, हे फारसं कोणी विचारत नाही. हेड कोच यशस्वी झाला तर त्याला मोठ्या कॉलेजाचं बोलावणं येतं, आणि तो गेला की पुन्हा तेच. म्हणून बहुतेक असिस्टंटांचं आयुष्य दोन-चार वर्षांच्या तुकड्यांत जातं. नवं गाव, भाड्याचं नवं घर, मुलांच्या नव्या शाळा. टिकायचं असेल तर वरचा माणूस ना पडला पाहिजे, ना उडून गेला पाहिजे.

बीमर या दोन्हींच्या जवळून गेले. पहिल्या हंगामात टेकनं ११ पैकी ९ सामने गमावले. आधीच्या कारभारात झालेल्या नियमभंगामुळे संघावर एनसीएएचे निर्बंध होते, त्यामुळे नवे खेळाडू आणायलाही मर्यादा. सहाव्या वर्षी, १९९२ मध्ये, २ विजय, ८ पराभव आणि १ बरोबरी. आजच्या काळात असा कोच दुपारपर्यंत टिकला नसता. तेव्हाचे क्रीडा संचालक डेव्ह ब्रेन यांनी बीमर यांना ठेवलं, पण असिस्टंटांमध्ये मोठे बदल झाले. काही जुनी माणसं गेली, नवी आली. फॉस्टर राहिले. पुढच्याच वर्षी टेक एका बोल सामन्यात पोहोचलं. बोल म्हणजे हंगामाच्या शेवटी निवडक संघांना मिळणारा मानाचा सामना. तिथून बीमर निवृत्त होईपर्यंत सलग २३ वर्षं टेक दर हंगामात बोल सामना खेळलं.

दुसरी घटना नोव्हेंबर २००० ची. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ बीमर यांना न्यायला आलं होतं. ते जवळजवळ गेलेच होते, मग परत फिरले आणि ब्लॅक्सबर्गमध्येच थांबले. गेले असते तर फॉस्टर यांची गोष्ट तेव्हाच वेगळी झाली असती. या पेशातलं नशीब म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्याच माणसाने एका रात्री घेतलेला निर्णय असतो.

१९९५ मध्ये बचावाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली. बीमर यांनी ती फॉस्टर आणि रॉड शार्पलेस या दोघांना मिळून दिली, आणि १९९६ पासून फॉस्टर एकटे ती सांभाळू लागले. १९९५ च्याच हंगामात एक जेवणाचा डबा आला, खाणकामगार कामावर नेतात तसला, ठोकून-वापरून जुना झालेला पत्र्याचा डबा. आठवडाभर ज्या खेळाडूनं सर्वांत कसून काम केलं, त्यानं तो डबा सांभाळायचा. सरावाला न्यायचा, सामन्याला न्यायचा. आत हंगामाची उद्दिष्टं लिहिलेला कागद. अमेरिकन कॉलेज खेळात असली प्रतीकं पुष्कळ असतात आणि बरीचशी दोन वर्षांत अडगळीत जातात. हा डबा पंचवीस हंगाम टिकला. मला वाटतं त्याचं कारण गावात आहे. नैर्ऋत्य व्हर्जिनिया आणि शेजारचा वेस्ट व्हर्जिनिया हा कोळशाच्या खाणींचा मुलुख. तिथल्या प्रेक्षकांना त्या डब्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही. टेकच्या बचावाला पुढे देशभर ‘लंच पेल डिफेन्स’ म्हणूनच ओळखलं गेलं.

फॉस्टर यांच्या बचावात फुटबॉलच्या दृष्टीनं काय वेगळं होतं, हे जरा सावकाश सांगतो, कारण त्यांचं खरं कर्तृत्व तिथे आहे.

नव्वदच्या दशकात कॉलेज संघ चेंडू हातात घेऊन धावण्यावर जास्त भर देत. त्याला उत्तर म्हणून टेकनं अकरापैकी आठ जण पुढे, चेंडूच्या जवळ आणले. अशानं मागे माणसं कमी पडतात, म्हणून ते आठ जण पळणारे हवेत. देशातले सर्वांत नावाजलेले शालेय खेळाडू ब्लॅक्सबर्गला सहसा येत नसत. ते अलाबामा, फ्लोरिडा स्टेट, ओहायो स्टेट अशा ठिकाणी जात. मग टेकनं दुसरा मार्ग काढला. मागे खेळणाऱ्या चपळ सेफ्टीला थोडं वजन वाढवायला लावून लाइनबॅकर करायचं, लाइनबॅकरला आणखी पुढे टोकाला आणायचं. प्रत्येक जागेवर प्रतिस्पर्ध्यापेक्षा जरा हलका पण जास्त वेगवान माणूस. कोरी मूर हा टोकाचा खेळाडू त्या जागेच्या मानानं बारीक होता आणि मिसिसिपीतल्या एका ज्युनियर कॉलेजातून आला होता. १९९९ मध्ये देशातला सर्वोत्तम बचावपटू म्हणून त्याला नागुर्स्की पुरस्कार मिळाला. नॉरफोकचा कॅम चॅन्सलर टेकमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा चढाईचा सूत्रधार, म्हणून आला होता. त्याला बचावात हलवलं, आणि पुढे सिएटलच्या व्यावसायिक संघाकडून सेफ्टी म्हणून खेळत त्यानं सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकला.

ही माणसं शोधून आणणं हाही असिस्टंट कोचच्याच कामाचा भाग. हंगाम नसताना, आणि हंगामातही सवड काढून, प्रत्येक असिस्टंटला वाटून दिलेल्या भागातल्या शाळांत जायचं, शालेय कोचशी ओळख ठेवायची, मुलाच्या घरी बसून आईवडिलांशी बोलायचं. टेकचं जुनं कुरण म्हणजे व्हर्जिनियाच्या समुद्रकाठची नॉरफोक, न्यूपोर्ट न्यूज ही गावं, ब्लॅक्सबर्गहून गाडीनं चार-पाच तासांवर. १९९९ च्या संघाला शेवटच्या सामन्यापर्यंत अपराजित ठेवणारा क्वार्टरबॅक मायकेल विक न्यूपोर्ट न्यूजचाच.

त्या हंगामाच्या शेवटी, ४ जानेवारी २००० ला, राष्ट्रीय विजेतेपदासाठी टेक आणि फ्लोरिडा स्टेट समोरासमोर आले. एकदा २८–७ असं मागे पडलेलं टेक तिसऱ्या सत्राअखेर २९–२८ असं पुढे होतं. चौथ्या सत्रात फ्लोरिडा स्टेटनं १८ गुण केले आणि सामना ४६–२९ असा जिंकला. या सामन्यातली मला सर्वांत रोचक वाटणारी गोष्ट फलकावर नव्हती. फ्लोरिडा स्टेटच्या बाजूला बचावाचे प्रमुख होते मिकी अँड्र्यूज. तेही १९८४ पासून २००९ पर्यंत एकाच जागी, एकाच हेड कोचच्या, बॉबी बाउडेन यांच्या हाताखाली राहिले. दोन्ही संघांचा बचाव अशा माणसांकडे होता जे कुठेच गेले नाहीत. मात्र अँड्र्यूज यांनी त्याआधी हेड कोचपण करून पाहिलं होतं. अलाबामातल्या लिव्हिंगस्टन या लहान कॉलेजला त्यांनी १९७१ मध्ये छोट्या कॉलेजांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. फ्लोरिडा स्टेटमधली सव्वीस वर्षं मात्र त्यांनी दुसऱ्या माणसाच्या हाताखाली काढली. देशातल्या सर्वोत्तम असिस्टंट कोचला १९९६ पासून ब्रॉइल्स पुरस्कार दिला जातो. पहिला अँड्र्यूज यांना मिळाला, २००६ चा फॉस्टर यांना.

मग फॉस्टर हेड कोच का झाले नाहीत, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला गेला. हा प्रश्नच थोडा चुकीच्या गृहीतकावर उभा आहे असं मला वाटतं. आपण हेड कोच ही असिस्टंटची बढती समजतो. प्रत्यक्षात ते दुसरंच काम आहे. मोठ्या विद्यापीठाचा हेड कोच देणगीदारांसोबत जेवतो, पत्रकारांना सामोरा जातो, क्रीडा संचालकाशी पैशांवरून वाद घालतो, शंभरेक खेळाडूंची शिस्त, अभ्यास आणि दुखापती पाहतो, शिवाय असिस्टंट नेमतो आणि काढतो. एखाद्या लाइनबॅकरनं उजवा पाय आधी टाकावा की डावा, हे बघायला त्याला वेळ उरत नाही. ज्याला तेच बघायला आवडतं त्याला बढतीत आपलं कामच गमवावं लागतं. शिक्षकाला मुख्याध्यापक केलं की वर्ग सुटतो, हे आपण रोज बघतोच.

तरीही राहणं ही नेहमी निवडच असते असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. कृष्णवर्णीय असिस्टंट कोचांसाठी वरचं दार कित्येक वर्षं बंदच होतं. मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडू मोठ्या संख्येनं दिसत असताना, वरच्या विभागातल्या कॉलेजला पहिला कृष्णवर्णीय हेड कोच मिळाला तो १९७९ मध्ये, विचिटा स्टेटला विली जेफ्रीज. दक्षिणेतल्या सर्वांत बलाढ्य गटात, एसईसीमध्ये, ते व्हायला २००४ चा हंगाम उजाडला, मिसिसिपी स्टेटचे सिल्व्हेस्टर क्रूम. फ्लोरिडा विद्यापीठाच्या (फ्लोरिडा स्टेट नव्हे) दोन राष्ट्रीय विजेतेपदांच्या वेळी बचाव सांभाळणारे चार्ली स्ट्राँग यांना लुइव्हिलमध्ये हेड कोचपद मिळेपर्यंत ते पन्नाशीला टेकले होते. बाहेरून पाहणाऱ्याला फॉस्टर यांची पंचवीस वर्षं आणि दुसऱ्या कोणाची पंचवीस वर्षं सारखीच दिसतात. एकाच्या मागे समाधान असतं, दुसऱ्याच्या मागे नाकारलेले अर्ज.

आता पुन्हा मैदानाकडे, ६ सप्टेंबर २०१४ कडे. हाच तो वेक फॉरेस्टकडून हरलेला हंगाम, पण त्याच्या सुरुवातीचा दुसरा सामना. टेक कोलंबसला ओहायो स्टेटविरुद्ध, एक लाखाहून जास्त प्रेक्षकांपुढे. ओहायो स्टेटचा अनुभवी क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर ऑगस्टमध्येच जायबंदी झाला होता, त्यामुळे जे. टी. बॅरेट हा नवखा मुलगा खेळत होता. ओहायो स्टेटची चढाई एका युक्तीवर चालायची. क्वार्टरबॅक चेंडू धावपटूच्या पोटाशी धरतो आणि समोरचा एक बचावपटू कुठे वळतो ते बघतो. तो धावपटूकडे वळला तर चेंडू स्वतःकडे ठेवून पळतो, नाही वळला तर चेंडू देऊन टाकतो. त्या एका माणसाला कोणी अडवायचंच नसतं. त्यामुळे चढाईच्या पुढच्या फळीतला एक गडी मोकळा राहतो, आणि दोघे मिळून एकाला ढकलतात. धावायला वाट तिथून तयार होते.

फॉस्टर यांनी तो जास्तीचा गडीच काढून घेतला. त्यांनी ओहायो स्टेटच्या फळीतल्या मधल्या तिघांच्या अगदी समोर एकेक माणूस आणून ठेवला. समोर स्वतःचा माणूस असताना शेजाऱ्याला मदत करता येत नाही, म्हणून दोघांनी एकाला ढकलणं बंद झालं. मागचे सेफ्टीसुद्धा पुढे आणून धावपटू आणि क्वार्टरबॅक दोघांना वाटून घेतले. राहिलेल्या रिसीव्हरांवर एकास एक, आणि त्यांच्या मागे कोणी म्हणजे कोणी नाही. एक मुलगा पाय घसरून पडला तर थेट टचडाउन. या मांडणीला जुन्या काळापासून ‘बेअर’ म्हणतात. ती नवी नव्हती. एवढ्या मोठ्या सामन्यात, परक्या मैदानावर, वारंवार तीच लावायचं धाडस मात्र मोठं होतं. हिशेब असा की या मुलाला धावायला वाट देऊ नका, त्याला लांब पास टाकायला लावा, आणि तो टाकायच्या आत त्याच्या अंगावर जा.

बॅरेटचे २९ पैकी ९ पास पूर्ण झाले. सात वेळा तो पास टाकायच्या आधीच खाली पाडला गेला, आणि त्याचे तीन पास टेकनं मधल्या मध्ये पकडले. त्यातला शेवटचा डोनोव्हन रायलीनं ६३ यार्ड पळवत थेट टचडाउनपर्यंत नेला. टेक ३५–२१ असं जिंकलं. ओहायो स्टेट त्या मोसमात पुन्हा हरलं नाही आणि जानेवारीत राष्ट्रीय विजेता झालं. त्यांना हरवणारा संघ एकच. पुढच्याच शनिवारी टेक आपल्या घरच्या मैदानावर ईस्ट कॅरोलायनाकडून हरलं, आणि हंगाम ७ विजय, ६ पराभव असा संपला. बचावाच्या प्रमुखाची पोच किती आणि मर्यादा किती, हे दोन्ही एका हंगामात दिसायचं तर हा हंगाम बघावा.

अशी योजना एका रात्रीत सुचत नाही. रविवारी सकाळी कालचा सामना फिल्मवर पुन्हा पाहायचा, प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक प्रयत्नाला गुण द्यायचे. दुपारनंतर पुढच्या प्रतिस्पर्ध्याची फिल्म: तिसऱ्या प्रयत्नाला तीन यार्ड हवे असतील तर हे काय करतात, चेंडू मैदानाच्या उजवीकडे असेल तर काय, पिछाडीवर असतील तर काय. मंगळवारी-बुधवारी कडक सराव, गुरुवारी उजळणी, शुक्रवारी प्रवास. एनसीएएच्या नियमानुसार खेळाडूंकडून आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. कोचला अशी मर्यादा नाही, आणि बहुतेकांचे ऑफिसमधले दिवे मध्यरात्रीनंतरही चालू असतात.

काळाबरोबर खेळही बदलत गेला. संघ धावण्याऐवजी मैदानभर पसरून पास टाकू लागले, तशी आठ जण पुढे आणायची फॉस्टर यांची मूळ पद्धत चालेनाशी झाली. ‘व्हिप’ नावाची लाइनबॅकरची जी जागा त्यांच्या बचावाची ओळख होती, तिथे ते हळूहळू आणखी एक चपळ पासरोधक खेळवू लागले. पंचवीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेला माणूस आपलीच मांडणी स्वतःच्या हातानं मोडतो, हे मला त्या विजयांपेक्षा मोठं वाटतं.

ब्लॅक्सबर्गमध्ये इतकी वर्षं राहिल्याचा अर्थ २००७ मध्ये वेगळ्याच तऱ्हेनं समोर आला. त्या वर्षी १६ एप्रिलला कॅम्पसवर झालेल्या गोळीबारात ३२ विद्यार्थी आणि शिक्षक मारले गेले. त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगी होती आणि मूळचे तमिळनाडूचे एक प्राध्यापकही. पुढच्या हंगामात त्या ३२ जणांच्या नावांचा कागद खेळाडूंच्या डब्यात होता. १ सप्टेंबरला ईस्ट कॅरोलायनाविरुद्ध पहिला सामना झाला. टेक १७–७ असं जिंकलं आणि पुढे त्या वर्षी आपल्या गटाचं विजेतेपदही त्यांनी मिळवलं. दोन वर्षांसाठी आलेल्या कोचला हे कसं पेललं असतं, मला कल्पना करता येत नाही. फॉस्टर तोवर वीस वर्षं त्या गावचे होते.

२०१५ च्या शेवटी बीमर निवृत्त झाले. नेमानुसार आता असिस्टंटांची आवराआवर व्हायची. नवे हेड कोच जस्टिन फ्युएंटे चढाईतले जाणकार होते. त्यांनी बचाव फॉस्टर यांच्याकडेच ठेवला. धंद्यात हे क्वचित घडतं, आणि त्यात नव्या माणसाचा शहाणपणा होता. पण २०१८ मध्ये बचावच कमजोर पडला. १ ऑगस्ट २०१९ ला फॉस्टर यांनी जाहीर केलं की हा हंगाम शेवटचा.

नोव्हेंबरात त्यांच्या बचावानं जॉर्जिया टेकला ४५–० आणि लेन स्टेडियममधल्या त्यांच्या शेवटच्या सामन्यात पिट्सबर्गला २८–० असं रोखलं. त्यानंतर व्हर्जिनिया विद्यापीठ या त्याच राज्यातल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याकडून टेक ३९–३० असं हरलं. सलग पंधरा वर्षं टेक त्यांना हरवत आलं होतं. ३१ डिसेंबरला शार्लटमध्ये शेवटचा सामना होता केंटकीशी, फॉस्टर यांच्या जन्मराज्याच्या विद्यापीठाशी. केंटकीचे क्वार्टरबॅक जायबंदी होते, म्हणून लिन बाउडेन हा रिसीव्हर त्या जागी खेळत होता. त्यानं एकट्यानं धावून २३३ यार्ड काढले, आणि १५ सेकंद उरले असताना विजयी टचडाउनचा पासही त्यानंच टाकला. अंतिम गुण ३७–३०. चेंडू घेऊन धावणाऱ्याला रोखणं ज्यांनी आयुष्यभर शिकवलं, त्यांचा शेवटचा पराभव असा झाला.

बचावाचं प्रमुखपद फॉस्टर यांच्याच हाताखाली खेळलेल्या जस्टिन हॅमिल्टनकडे गेलं. दोन वर्षांनी फ्युएंटे गेले आणि टेकनं हेड कोच म्हणून ब्रेंट प्राय यांना आणलं. हे प्राय १९९५ ते १९९७ या काळात, डब्याच्या सुरुवातीच्या वर्षांत, टेकमध्ये ग्रॅज्युएट असिस्टंट होते. नंतर पेन स्टेटसारख्या ठिकाणी बचाव सांभाळून, पंचवीस-एक वर्षांनी ते ब्लॅक्सबर्गला सर्वांत वरच्या खुर्चीत परतले. सप्टेंबर २०२५ मध्ये, चौथ्या हंगामातले पहिले तीन सामने हरल्यावर, विद्यापीठानं त्यांना काढलं.